कुमारी ठेवलं नाही

"ठेवलं नाही!"

माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकात औषधाच्या खिडकीतून हाक आली आणि बाकांवर बसलेली अख्खी फौज उठून उभी राहिली. फौज म्हणजे निवृत्त फौज. गुडघेदुखी, मधुमेह, मोतीबिंदू अशा वेगवेगळ्या पलटणींतली.

"काय ठेवलं नाही?" रोहिणखेडच्या सुभेदार वामनरावांनी काठी आपटली. "शुगरची गोळी?"

"बीपीची असन," त्यांच्या मंडळी पुष्पाबाई म्हणाल्या. "मले सकाळपासून वाटूनच राह्यलं होतं."

"ठेवलं नाही!" खिडकीतला नवा मुलगा आणखी जोरात ओरडला.

"अरे पण काय ठेवलं नाही बे? नाव त सांग!"

"नावच सांगून राह्यलो ना काका!"

"म्हंजे आता नावंही ठेवली नाहीत?" वामनराव गरजले. तोवर चारपाच माणसं पिशव्या उचलून दाराबाहेर पडली होती. एक आजोबा तर खासदाराला फोन लावायला निघाले होते.

मी हळूच खिडकीपाशी गेले.

"मी," म्हटलं.

"तुमी काय?"

"ठेवलं नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग संगणकाकडे. मग पुन्हा माझ्याकडे... आणि या दुसऱ्या पाहण्यात गरजेपेक्षा जरा जास्त वेळ गेला, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं.

"हे नाव हाय?" तो म्हणाला. "मले वाटलं, दक्षिणेकडच्या असान."

"जानेफळची आहे."

"म्हंजे दक्षिणेकडच्याच की. आमी वरवट बकालचे, जिल्ह्याच्या पार उत्तरेचे."

तर ते असं झालं होतं. माझा जन्म झाला तेव्हा बाबा, म्हणजे हवालदार कचरू हिवाळे, सीमेवर होते. मुलगी झाल्याचा निरोप पोचला तसे ते नियमाप्रमाणे क्लार्ककडे नोंद करायला गेले. क्लार्क देशाच्या दुसऱ्या टोकाचा. त्यानं विचारलं, बच्ची का नाम? बाबा आनंदात होते आणि खरं बोलायची सवय होती. म्हणाले, "ठेवलं नाही अजून." क्लार्कनं मान डोलावली आणि लिहून घेतलं. 'अजून' रकान्यात मावलं नाही, एवढंच माझं नशीब.

शाळेत, आधारवर, विहाराच्या वर्गणीच्या पावतीवर मी धम्मशीला आहे. फक्त भारतीय फौजेसाठी मी कुमारी ठेवलं नाही हिवाळे. बाबांना कुणी म्हटलं की हे दुरुस्त करून घ्या, तर ते ताठ होतात. "फौज चुकत नसते," म्हणतात. "चुकलं असन त पोरीचं नाव चुकलं."

"अन् तुमाले होते काय?" खिडकीतल्या मुलानं गोळ्या मोजता मोजता विचारलं. त्याच्या खिशावर पट्टी होती, प्रसेनजित दाभाडे.

"हृदयाची झडप नीट मिटत नाही. लहानपणी ताप आला होता, तो गेला पण जाताना दार बिघडवून गेला."

"मंग?"

"मग काय. उघडंच असतं. कोणीही शिरतं."

त्याच्या हातातून गोळ्यांची पट्टी पडली. ती उचलायला तो खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. बाहेर बुलढाण्याचं धुकं खिडकीच्या जाळीला नाक लावून आत पाहत होतं. मागून वामनराव म्हणाले, "गेला वाटते तो. आता त मानूसही ठेवला नाही."

*

त्यानंतर दर महिन्याला मी आजारी असण्याची वाट पाहू लागले. हे वाक्य डॉक्टरांना दाखवू नये.

पॉलिक्लिनिकमध्ये दिवस जायला वेळ लागत नाही. आधी कार्ड, मग नंबर, मग डॉक्टर, मग औषधाची खिडकी. लोक कंटाळतात. मी मागच्यांना पुढे सोडायचे. पुष्पाबाईंनी माझ्या त्यागाबद्दल बाकांवर इतकं कौतुक पसरवलं की लोक मला बसायला जागा देऊ लागले, आणि मला खिडकीसमोरचा बाक सोडून कुठंच बसायचं नव्हतं.

"या, कुमारी नाही," तो म्हणायचा.

"आडनावानं हाक मारा."

"हिवाळे म्हटलं की थंडी वाजते. आमी घाटाखालची माणसं, उन्हात वाढलेली."

"म्हणून डोकं तापट?"

"नाई. म्हणून घाटावर बदली मागतली. आता वाटते, लवकर मागाले पाह्यजे होती."

आमच्या जिल्ह्याचे दोन देश आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. दोघांनाही वाटतं की समोरच्याला चहा करता येत नाही.

एकदा त्यानं कागदी पुडी पुढे केली. वर नेहमीसारखी सूर्याची आणि चंद्राची खूण होती, सकाळी एक, रात्री एक. आत संत्रं होतं. त्यांच्या शेतातलं.

"हे कधी घ्यायचं?" मी विचारलं. "जेवणाआधी की नंतर?"

"धडधड झाली की."

"मग... इथंच खावं लागेल."

त्यानं मान खाली घातली. कान लाल झाले. मागे रांगेतल्या बाई ओरडल्या, "ओ भाऊ, मलेही ते संत्र्याचं औषध द्या! माह्या कार्डावर काऊन नाही?"

*

श्रावणातल्या भुरभुरीत एकदा बसला उशीर होता. पॉलिक्लिनिकसमोरच्या टपरीत आम्ही एकाच ताडपत्रीखाली उभे होतो. पाणी नेमकं मधल्या फटीतून गळत होतं, म्हणून तो जवळ सरकला. नंतर लक्षात आलं, सरकून तो फटीखालीच आला होता. तो गळक्या जागेकडून कोरड्या जागेत आला नव्हता. मला कोरडी जागा देऊन स्वतः भिजत होता.

"धम्मशीला," तो म्हणाला.

माझं खरं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. झडपेनं आपलं काम सोडून दिलं.

"माह्याशी लग्न करशीन?"

"कार्ड बंद होईल."

तो हसला. मग त्याचं हसू हळूहळू विझलं... कारण नियम त्यालाही पाठ होता. मुलगी बापाच्या कार्डावर राहते ती लग्न होईपर्यंत, नाहीतर कमावती होईपर्यंत. माझ्या गोळ्या, इंजेक्शनं, पुण्यामुंबईच्या तपासण्या आणि आज ना उद्या बदलावी लागणारी ती झडप, सगळं त्या प्लास्टिकच्या तुकड्यावर टांगलेलं होतं. ज्या दिवशी गळ्यात हार पडेल, त्या दिवशी तुकडा खाली.

"माह्यी नौकरी कंत्राटी," तो म्हणाला. "मलेच कार्ड नाही. मी नुस्ता दुसऱ्यायच्या कार्डावर औषध देतो."

"घटस्फोट होऊन माहेरी आले की पुन्हा चालू होतं म्हणतात."

"मंग असं करू. सोमवारी लग्न, मंगळवारी भांडण."

"बुधवारी इंजेक्शन."

"गुरुवारी मी तुले पाह्याले येईन. माणसं पाठवून रीतसर."

"मी पसंत करेनच असं नाही."

"काऊन?"

"एकदा घटस्फोट झालेला माणूस..."

टपरीवाला म्हणाला, "बस गेली तुमची." ती खरंच गेली होती. आम्ही दोघंही तिच्या मागच्या दिव्याकडे पाहत उभे राहिलो, आणि कुणीच हसलं नाही.

*

तो रीतसर जानेफळला आला. पांढरा शर्ट, हातात संत्र्यांची पिशवी. आईनं पोहे केले. बाबांनी त्याला खुर्ची दिली नाही. उभं केलं, दोन पावलं मागे गेले आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"छाती फुगव."

"जी?"

"फुगव म्हंतो!"

प्रसेनजितनं श्वास भरला. बाबांनी आईच्या शिवणकामाची फीत आणून माप घेतलं. आई, म्हणजे तानाबाई, दारात कपाळाला हात लावून उभी होती. "अवं, जावई पाह्यता का सदरा शिवता?"

"पोट्टा चांगला हाय," बाबा म्हणाले. "फौजी असता त प्रश्नच नव्हता. फौजीची बायको झाली की पोरीले जन्मभर फौजेचा दवाखाना. माह्या मागंही." इथं त्यांचा आवाज जरा घसरला, पण त्यांनी खाकरून तो पुन्हा रांगेत उभा केला. "तसा कसा देऊ? तिची झडप तुमी कशावर बदलान? संत्र्यावर?"

पोहे गार झाले.

मग प्रसेनजितनं श्वास सोडला. इतका वेळ तो भरलेलाच होता. म्हणाला, "फौजेत औषधवाल्यायची भरती राह्यते, काका. सिपाही फार्मा. माह्यं वय अजून बसते."

बाबा पुढे आले. त्याच्याशी हात मिळवला. मग, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःची खुर्ची दुसऱ्याला दिली.

मला कुणी काही विचारलंच नाही. स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पोरी, लोकं म्हंतात मी फौजीसंग संसार केला. मी पत्रायसंग केला. तुह्या बापाले घोरायची सवय हाय, हे मले तो रिटायर झाल्यावर समजलं."

*

बाबांनी मुक्काम हलवला. वामनरावांनी बुलढाण्यात घर केलं होतं, तिथं राहिले, आणि रोज पहाटे प्रसेनजितला राजूर घाटात पळवू लागले. प्रसेनजित पुढे, मागे वामनरावांच्या स्कूटीवर बाबा, गळ्यात शिट्टी.

"पाय उचल बे दाभाडे! औषध वाटून राह्यला का?"

पोलिसांनी एकदा स्कूटी अडवली. त्यांना वाटलं, म्हातारा मुलाचा पाठलाग करतोय. बाबांनी सांगितलं, "जावई हाय. होणारा." पोलिसानं घामाघूम प्रसेनजितकडे पाहून विचारलं, "म्हणून पळून राह्यला का?"

हे मला प्रसेनजितनंच खिडकीतून सांगितलं. तो बारीक झाला होता. हनुवटी टोकदार झाली होती आणि हसला की गालात नवीनच खळी पडत होती. मला ती जुन्या गालांसकट हवी होती.

"जाऊ नको," मी म्हटलं.

तो पुडीवर सूर्य काढत होता. हात थांबला.

"चेष्टा नाही करत. खरंच नको जाऊ, प्रसेनजित."

"अन् तुही झडप?"

"असू दे उघडी. मला कार्डवाला नवरा नको आहे. मला हा... खिडकीत बसलेला माणूस पाहिजे. बाबा वर्षातून दोनदा यायचे. आम्ही पोरं त्यांना पाहुण्यासारखं पाणी नेऊन द्यायचो. एकदा मी आईला विचारलं होतं, हे काका जाणार कधी?"

त्यानं पुडीवरचा अर्धा सूर्य पुरा केला. रांगेतल्या पुष्पाबाई, आश्चर्य म्हणजे, गप्प होत्या.

"खिडकी माह्यी थोडीच हाय, शीला," तो शेवटी म्हणाला. "कंत्राट संपलं की दुसरा बसन. मी तुले औषध देऊ शकतो. औषध देऊच शकलो नाई तर... मंग मी कायले शिकलो?"

यावर उत्तर होतं. मला ते परतीच्या बसमध्ये, मेहकरच्या पुढे सुचलं. तोवर तो भरतीच्या रांगेत लागला होता.

*

तो निवडला गेला. मलकापूर स्टेशनावर त्याला पोचवायला आम्ही सगळे गेलो. बाबांनी कडक सलाम ठोकला. गाडी हलली तसा प्रसेनजित दारातून ओरडून मला काहीतरी म्हणाला, पण वामनराव नेमके त्याच वेळी "जय हिंद" म्हणाले आणि त्यांच्या जय हिंदपुढं कुणाचंच काही चालत नाही. नंतर फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, "लक्षात नाई." मला माहीत होतं, लक्षात होतं. पण काही वाक्यं प्लॅटफॉर्मवरच म्हणायची असतात.

प्रशिक्षण संपवून तो सुट्टीवर आला आणि विहारात आमचं लग्न झालं. पांढरी साडी, पांढरे कपडे, त्रिशरण, पंचशील, दोन हार. भंतेजी बोलत होते आणि मी चोरून त्याचे हात पाहत होते. गोळ्यांच्या पट्ट्या कापणारे ते हात आता खरबरीत झाले होते. त्यानं माझी करंगळी दोन हारांच्या आड धरली. ती त्यानं जेवणाच्या पंगतीपर्यंत सोडली नाही, त्यामुळे मी डाव्या हातानं नमस्कार केले आणि त्याची एक मावशी आजही माझ्यावर नाराज आहे.

सुट्टी संपली. तो ईशान्येकडच्या डोंगरातल्या कुठल्याशा तुकडीत गेला.

गोळ्या संपल्या तशी मी सवयीनं पॉलिक्लिनिकमध्ये गेले. खिडकीत सुवर्णा नावाची मुलगी बसली होती. गोड होती. तिनं माझं नवं कार्ड उलटून पाहिलं.

"ताई, तुमचं इथं नाही होणार आता. हे रिटायर लोकांसाठी आहे. तुमचे मिस्टर तर चालू नोकरीत. तुम्हाला छावणीच्या मिलिटरी हॉस्पिटलात जावं लागेल, संभाजीनगरला."

"पण माझी सगळी फाईल इथं आहे."

"हो ना," ती खरोखर हळहळली. "फाईल आहे आमच्याकडे."

म्हणजे हिशेब असा झाला. मला औषध मिळावं म्हणून खिडकीतला माणूस खिडकी सोडून गेला, आणि तो गेला म्हणून मलाही ती खिडकी बंद झाली. आता तो डोंगरात कुणाच्यातरी खोकल्याला गोळ्या देतो आणि मी पहाटेची बस धरून दुसऱ्या जिल्ह्यात अनोळखी माणसाकडून गोळ्या घेते. त्या पुड्यांवर सूर्य छापील असतो.

वामनराव बाकावर सरकून बसले, जागा केली. "बस पोरी, जराक. औषध नाई त नाई. बसाले कार्ड लागत नाई."

मी बसले. कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. नीट, स्पष्ट. कुणीही उठून भांडलं नाही.

*

झडप पुण्याच्या फौजी रुग्णालयात बदलली. तक्रार करायला जागाच नाही. स्वच्छ चादरी, वेळेवर जेवण, आणि शल्यचिकित्सक एक लेफ्टनंट कर्नल बाई. बाबा त्यांना सकाळ-संध्याकाळ सलाम करायचे, जेवणाची गाडी ढकलणाऱ्यालाही करायचे, चुकून लिफ्टलाही एकदा केला. भूल द्यायला नेताना त्यांनी माझा पाय चादरीवरून धरला आणि म्हणाले, "घाबरू नोको. फौज चुकत नसते." पाय मात्र दारापर्यंत सोडला नाही.

प्रसेनजित येणार होता. सुट्टी मंजूर झाली, रस्ता झाला नाही. दरड कोसळली होती. पलीकडे तो बॅग घेऊन उभा, अलीकडे अख्खा देश.

घरी सोडताना डॉक्टर बाई म्हणाल्या, "सब ठीक है. अब आराम से शादीशुदा ज़िंदगी जियो."

"जी मॅडम," मी म्हटलं. "मिलती कहाँ है?"

त्या हसल्या. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि थोडा वेळ तो पुसतच राहिल्या. त्यांचेही मिस्टर कुठंतरी लडाखकडे होते म्हणे.

बसमध्ये आई म्हणाली, "बरं झालं माय, सगळं फुकटात झालं."

"फुकटात नाही झालं, आई."

तिनं माझा हात मांडीवर घेतला आणि जानेफळ येईपर्यंत त्यावरून बोटं फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. रेंज येत-जात होती.

"कसं वाटून राह्यलं?"

"आवाज येतो."

"कायचा?"

"झडपेचा. धातूची आहे ना. शांत बसलं की टिकटिक ऐकू येते. आईला वाटलं, मी घड्याळ गिळलं."

तो हसला नाही. म्हणाला, "मले ऐकव ना."

मी फोन छातीशी धरला. अंगणात कडुनिंबाची पानं हलत होती, त्यांनाही मनातल्या मनात गप्प बसायला सांगितलं. टिक... टिक... टिक... पलीकडून काहीच येईना. मला वाटलं, रेंज गेली.

"आहेस का?"

"हाव," तो म्हणाला. आवाज ओला होता. "लय भारी मिटून राह्यली. अजून धर जराक. मी पाह्याले होतो का तिथं... निदान ऐकू तर दे."

"प्रसेनजित..."

"काय?"

मला म्हणायचं होतं की तू फौजेत जायलाच नको होतास. उघड्या झडपेनं मी खिडकीसमोर जितके दिवस जगले असते, तितके मला पुरले असते. नेहमीसारखा काहीतरी विनोद शोधला. सापडला नाही.

"मला तू इथं पाहिजे होतास," मी म्हटलं. "बाकी काही नको होतं."

"मलेही," तो म्हणाला. फार हळू. "पह्यल्या दिवसापासून वाटून राह्यलं, चुकलं आपलं. पण आता सही केली ना, शीला. पेन्शनीपर्यंत."

मी पुन्हा फोन छातीशी धरला. त्याला ऐकू दिलं. कितीतरी वेळ आम्ही दोघं त्या टिकटिकीच्या दोन बाजूंना तसेच बसून राहिलो.

मग तिकडून, लांबून, कुणीतरी त्याच्या नावानं हाक मारली. दवाखान्यात पेशंट आला असावा.

"आलो!" तो ओरडला.

फोन अजून माझ्या छातीशीच होता, त्यामुळे ते मला आतूनच ऐकू आलं. एक क्षण वाटलं, मलाच म्हणाला.